मिनीडीव्ही आणि एचडीव्ही कॅसेटी संगणकावर घेताना: काय आधी, काय नंतर, आणि कुठे बिघडतं

साधारण २००० ते २०१२ या काळात आपल्याकडे लग्नं, मुंजी, बारशी शूट झाली, त्यातल्या बऱ्याचशांचा मूळ माल काडेपेटीएवढ्या मिनीडीव्ही कॅसेटींवर आहे. घरात मोठा टीव्ही आला की त्या कपाटातून बाहेर निघतात. दुकानात कॅसेटी जातात, पेनड्राइव्ह परत येतो. टीव्हीवर लावला तर नवरदेव आडवा पसरलेला, हात हलला की कडांना आडव्या रेघा, आणि सगळ्या चित्रावर धुरकट साय. कॅसेटीत चित्र चांगलंच असतं. वाट लागते ती मधल्या प्रवासात.

या कॅसेटींवरचा व्हिडिओ मुळातच डिजिटल आहे. कॅमेऱ्यातून तो संगणकात जसाच्या तसा उतरवता येतो, दर्जा अजिबात न घटता. म्हणून कामाचा क्रम असा: आधी हुबेहूब नक्कल, मग तिची राखीव प्रत, आणि सगळ्यात शेवटी टीव्हीसाठी वेगळी फाइल. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर जातात, आणि पुढे काही चुकलंय हे कळतं तेव्हा कॅमेरा तरी विकलेला असतो, नाहीतर कॅसेट तरी.

व्हीएचएसचं तंत्र वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही. सोनीचा डिजिटल८ कॅमेरा असेल तर मात्र खालचं जवळपास सगळं लागू पडतं, कारण आत प्रवाह डीव्हीचाच असतो.

टप्पा १: कॅसेटीत नेमकं काय आहे ते ओळखा

कॅसेटीच्या वेष्टनावर जाऊ नका. डीव्ही आणि एचडीव्ही दोन्ही एकाच मिनीडीव्ही कॅसेटीवर लिहिले जातात, आणि एकाच कॅसेटीत अर्धं हे, अर्धं ते असंही सापडतं.

डीव्ही म्हणजे आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत) विभागलेली, व्हिडिओला सेकंदाला २५ मेगाबिट. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली. एचडीव्ही जवळपास तेवढ्याच मेगाबिटमध्ये १४४० × १०८० चं चित्र बसवतो, पण एमपेग-२ वापरून आणि फ्रेमचे गट करून. आपल्याकडच्या ५०आय (सेकंदाला ५० फील्ड) पद्धतीत एका गटात १२ फ्रेम असतात. त्यामुळे फितीवर एक ओरखडा असेल तर डीव्हीत एखाद-दुसरी फ्रेम बिघडते. एचडीव्हीत जवळपास अर्धा सेकंद चित्र गोठतं किंवा चौकड्या होतात. एचडीव्हीच्या कॅसेटींना जास्त जपायचं ते यासाठी.

ओळखायची खात्रीची पद्धत एकच, कॅसेट लावून बघणं, पण टप्पा २ आणि ३ मधली तपासणी झाल्यावरच. एचडीव्ही वाचू शकणाऱ्या कॅमेऱ्यात ती चालवली की पडद्यावर एचडीव्ही १०८०आय किंवा डीव्ही असं लिहून येतं, आणि एसपी (नेहमीचा वेग) की एलपी (कमी वेग, जास्त वेळ) तेही.

सावधान: फक्त डीव्ही वाचणाऱ्या कॅमेऱ्यात एचडीव्ही कॅसेट घातली तर पडदा निळा किंवा कोरा दिसतो. ‘कॅसेट रिकामी आहे’ म्हणून कितीतरी कॅसेटी अशाच फेकल्या गेल्या असतील. निळा पडदा दिसला की आधी त्या काळात शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा कोणता होता ते आठवा किंवा त्याला फोन करा. सोनीच्या एफएक्स१ किंवा झेड१ सारख्या कॅमेऱ्यावर शूट झालं असेल तर एचडीव्हीची शक्यता दाट.

आणखी तीन अपवाद, थोडक्यात. व्यावसायिकांनी कधी कधी डीव्हीकॅममध्ये शूट केलेलं असतं. त्यात फीत जास्त वेगाने पळते, ६० मिनिटांच्या कॅसेटीत ४० मिनिटं मावतात आणि सगळे घरगुती कॅमेरे ती वाचत नाहीत. जेव्हीसीचे एचडीव्ही कॅमेरे ७२०पी लिहायचे. त्या कॅसेटी जेव्हीसीच्याच मशीनवर चालवलेल्या बऱ्या. आणि अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची असणार, ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचा साधा पाल कॅमेरा ती धड वाचेल अशी आशा ठेवू नका. झेड१ वर ५०आय आणि ६०आय दोन्ही होतात, नाहीतर तिकडचाच कॅमेरा मागवावा लागतो.

टप्पा २: कॅसेट कॅमेऱ्यात घालण्याआधी हातात घेऊन बघा

हा टप्पा कुणीच करत नाही, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा. चार महिन्यांची दमट हवा, लोखंडी कपाट, प्लास्टिकची पिशवी: बुरशीला आणखी काय पाहिजे?

कॅसेट खिडकीजवळ न्या किंवा मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. पारदर्शक भागातून गुंडाळलेली फीत बाजूने दिसते. ती काळी, गुळगुळीत, एकसारखी चमकणारी हवी. पांढरट ठिपके, राखाडी भुकटी किंवा जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी. कुबट वासही लगेच येतो. गुंडाळीच्या काही कडा वर आलेल्या, पायऱ्या पडल्यासारख्या दिसल्या तर फीत सैल झाली आहे.

सावधान: बुरशी असलेली कॅसेट ‘एकदा लावून बघू’ म्हणून लावू नका. बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीवरही जाते. अशा कॅसेटी वेगळ्या डब्यात ठेवा. त्या फीत साफ करणाऱ्या जाणकाराकडेच जायला हव्यात. बाकीच्या सगळ्या उतरवून होईपर्यंत त्यांना कॅमेऱ्याच्या आसपासही आणू नका.

चांगल्या कॅसेटींवर दोन कामं करा. पाठीमागच्या कडेवर एक चिमुकली सरकपट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवा म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग प्रत्येक कॅसेटीला क्रमांक द्या आणि वहीत एक ओळ लिहा: क्रमांक, लेबलवर जे असेल ते, आणि कॅसेट चालवल्यावर कळेल तसं एसपी की एलपी, डीव्ही की एचडीव्ही. लेबलवरच्या ‘लग्न २’ या मजकुरावर विसंबू नका. लग्न २ नावाच्या तीन कॅसेटी हमखास निघतात.

टप्पा ३: कॅमेरा तयार करा

शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच वापरा. एसपीच्या कॅसेटी सहसा कुठेही चालतात. एलपीच्या मात्र नखरेल असतात, कारण त्यात ट्रॅक (फितीवरच्या नोंदीच्या पट्ट्या) अरुंद असतात. दुसऱ्या कॅमेऱ्यात त्या चौकड्या दाखवतात आणि मूळ कॅमेऱ्यात नीट चालतात.

कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर चालवा. तास संपत आला आणि बॅटरी गेली की सगळं पहिल्यापासून.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या कॅमेऱ्यात पहिली कॅसेट महत्त्वाची घालू नका. एखादी टाकाऊ कॅसेट घालून पाच-दहा मिनिटं चालवा, पुढे-मागे पळवा. फीत चावत नाही, आवाज विचित्र येत नाही, कॅसेट सुखरूप बाहेर येते याची खात्री झाली की मगच पुढे.

चित्रात आडवे पट्टे दिसले, एक पट्टा हलतोय आणि त्याखालचा गोठलेला, पुन्हा एक हलतोय, तर दोनपैकी एक हेड घाण झालं आहे. पालमध्ये एका फ्रेमसाठी फितीवर १२ ट्रॅक असतात आणि दोन हेड ते आळीपाळीने वाचतात. एक हेड बंद पडलं की असे पट्टे येतात. कोरडी क्लीनिंग कॅसेट घालून दहा सेकंद चालवा, थांबवा, काढा. रिवाइंड करून तीच जागा परत वापरू नका. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा; ही कॅसेट हेड घासून साफ करते, अती केलं तर हेडच झिजवते. कानातल्या काडीला स्पिरिट लावून हेड पुसण्याचे व्हिडिओ बघितले असतील, त्या वाटेला जाऊ नका. काडीचे धागे हेडच्या फटीत अडकतात.

एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत आणला की आत दव धरतं आणि पडद्यावर थेंबाचं चिन्ह येतं. कॅसेटचं झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. कॅमेरा आणि कॅसेटी आदल्या रात्रीच त्याच खोलीत आणून ठेवल्या तर हा प्रश्नच येत नाही.

शेवटची तयारी: प्रत्येक चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि परत सुरुवातीला आणा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या फितीचा ताण त्यामुळे सारखा होतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चौकड्या कमी होतात.

टप्पा ४: संगणकाला फायरवायर हवं

इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून थोडं सावकाश.

कॅमेऱ्यावर सहसा तीन जागांमधून चित्र बाहेर येतं. पिवळी-लाल-पांढरी वायर: यातून ॲनालॉग चित्र येतं, म्हणजे डिजिटल मालाचं ॲनालॉग करून यूएसबी कॅप्चर डिव्हाइसने परत डिजिटल करणं. एचडीव्ही असेल तर या वाटेत एचडीच हरवतं. दुसरी यूएसबी: मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ती बहुतेक वेळा मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी दिलेली असते. तिसरी, जिच्यावर ‘डीव्ही’, ‘एचडीव्ही/डीव्ही’ किंवा ‘आय.लिंक’ लिहिलेलं असतं ती चार पिनांची चिमुकली जागा. तेच फायरवायर, म्हणजे आयईईई १३९४. आपल्याला फक्त हीच हवी.

ॲनालॉग वाटेने आणखी एक गोष्ट जाते, तिचा कुणी विचार करत नाही: डीव्हीत प्रत्येक फ्रेमबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळ लपून नोंदलेली असते. फायरवायरने ती फाइलमध्ये येते. वीस वर्षांनी ‘हे बारसं कुणाचं’ या वादाचा निकाल त्या तारखेने लागतो, अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा कुणी लावलं असेल तर.

संगणकाच्या बाजूने पर्याय असे:

१. जुना लॅपटॉप. साधारण २००५ ते २०११ मधल्या अनेक लॅपटॉपना चार पिनांचं फायरवायर असायचं. घरात किंवा ओळखीत असा विंडोज ७ चा लॅपटॉप असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगलं काही नाही. इंटरनेटला जोडू नका, एवढं एकच काम त्याला द्या.

२. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड. शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं घ्या. विंडोज १० किंवा ११ असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर बदलून ‘१३९४ ओएचसीआय कंप्लायंट होस्ट कंट्रोलर (लेगसी)’ हा निवडावा लागतो. यादीत तो नसेल तर मायक्रोसॉफ्टने दिलेला लेगसी ड्रायव्हर आधी टाका. नाहीतर कॅमेरा दिसतो, पण कॅप्चर मध्येच तुटतं.

३. मॅकला थंडरबोल्टवरून फायरवायरचे ॲपलचे अडॅप्टर एकापुढे एक जोडून काम होत असे. मात्र २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून फायरवायर काढून टाकलं आहे. मॅक अपडेट करण्याच्या विचारात असाल तर कॅसेटी आधी उतरवा.

४. लिनक्स वापरणाऱ्यांना डीव्हीग्रॅब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर ठाऊक असेलच. ते डीव्ही आणि एचडीव्ही दोन्ही घेतं.

सावधान: ऑनलाइन ‘यूएसबी ते फायरवायर’ अशी स्वस्त केबल किंवा टोपी मिळते. घेऊ नका. त्यात नुसत्या पिना जोडलेल्या असतात. डीव्हीचा प्रवाह त्यातून जात नाही. घेणाऱ्याला वाटतं कॅमेरा बिघडलाय.

डिस्कची जागा मोजून ठेवा. डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे मिनिटाला २१६ एमबी आणि तासाला साधारण १३ जीबी. एचडीव्ही तासाला ११ ते १२ जीबी. वीस कॅसेटींना जवळपास २६० जीबी, आणि राखीव प्रतीसाठी तेवढीच दुसऱ्या डिस्कवर. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) असायला हवी. एफएटी३२ असली तर ४ जीबीला, म्हणजे १८-२० मिनिटांनी, फाइल तुटते.

टप्पा ५: आधी मेनू, मग केबल

क्रम उलटा झाला की एचडीव्हीवाल्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. सोनीच्या एचडीव्ही कॅमेऱ्यांत मेनूमध्ये दोन सेटिंग असतात. एक ‘व्हीसीआर एचडीव्ही/डीव्ही’. ते कॅसेटीप्रमाणे एचडीव्ही किंवा डीव्हीवर लावा, ऑटोवर नको. दुसरं ‘आय.लिंक कन्व्हर्ट’, ते बंद ठेवा. हे दुसरं चालू राहिलं तर कॅमेरा एचडीव्ही कॅसेट वाचतो आणि केबलमधून डीव्ही पाठवतो. सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं, फाइलही मिळते, फक्त १०८० च्या जागी ५७६ ओळी येतात. आधीच्या मालकाने किंवा शूटिंगवाल्याने एडिटिंगच्या सोयीसाठी ते चालू ठेवलेलं असतं.

१. केबल न जोडता कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर चालू करा, मेनू लावा.
२. कॅमेरा बंद करा. संगणकही बंद.
३. केबल जोडा. सहा पिनांचं टोक उलटं रेटलं तर पोर्ट जळू शकतो. चार पिनांचं टोक नाजूक असतं, सरळ धरून हलकेच आत ढकला.
४. संगणक चालू करा, तो पूर्ण सुरू झाला की कॅमेरा प्ले मोडवर चालू करा.

मेनूत नंतर काही बदलायचं झालं तर पुन्हा केबल काढूनच. केबल लावलेली असताना डीव्हीचं एचडीव्ही केलं तर विंडोज जुन्याच कॅमेऱ्याची आठवण धरून बसतं आणि सॉफ्टवेअरला काहीच सापडत नाही.

टप्पा ६: दोन मिनिटांची चाचणी

पूर्ण कॅसेट लगेच सुरू करू नका.

डीव्हीसाठी विंडोजवर विनडीव्ही हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर पुरतं. एचडीव्हीसाठी एचडीव्हीस्प्लिट. दोन्ही जुनी, रूपाने ओबडधोबड, पण आलेला प्रवाह न छेडता फाइलमध्ये ठेवतात. आपल्याला तेवढंच हवं. मोठ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून कॅप्चर करायचा मोह टाळा, कारण काही सॉफ्टवेअर आत घेतानाच माल स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बदलतात.

विनडीव्हीत एका फाइलमध्ये जास्तीत जास्त किती फ्रेम ही मर्यादा असते. ६० मिनिटांच्या ९०,००० फ्रेम होतात आणि एलपीच्या ९० मिनिटांच्या १,३५,०००. मर्यादा त्याहून वर ठेवा. ‘दर इतक्यावी फ्रेम’ या खान्यात १ च असायला हवा.

कॅसेटीच्या मधल्या भागातली दोन मिनिटं घ्या आणि ती फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

तपासा: डीव्ही असेल तर ७२० × ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड, बॉटम फील्ड फर्स्ट, फॉरमॅट डीव्ही. एचडीव्ही असेल तर १४४० × १०८०, एमपेग व्हिडिओ, टॉप फील्ड फर्स्ट, आस्पेक्ट १६:९. आवाज डीव्हीत साधारणपणे ४८ किलोहर्ट्झ १६ बिट, किंवा ३२ किलोहर्ट्झ १२ बिट. एचडीव्हीच्या कॅसेटीची फाइल डीव्ही दाखवत असेल तर टप्पा ५ वर परत जा. दोन मिनिटांची डीव्ही फाइल सुमारे ४३० एमबीची हवी. एव्हीआयचा टाइप २ (आवाज वेगळाही ठेवणारा प्रकार) निवडला असेल तर थोडी जास्त.

फाइल चालवून बघताना हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना आडव्या रेघा दिसतील. दिसू द्या. ते इंटरलेसिंग आहे, म्हणजे दोन फील्ड एकाच फ्रेममध्ये विणलेली; मूळ माल तसाच असतो. या टप्प्यावर ‘रेघा घालवायच्या’ म्हणून काही केलं की नक्कल हुबेहूब राहत नाही.

टप्पा ७: पूर्ण कॅसेट

आता फार काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. संगणकाची झोप, स्क्रीनसेव्हर, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि विंडोज अपडेट बंद करा. अंतर्गत डिस्कवरच उतरवा, पेनड्राइव्हवर नाही. कॅप्चर चालू असताना त्याच संगणकावर दुसरं काही उघडू नका. कॅसेट सुरुवातीला आणून आधी कॅप्चर सुरू करा, मग कॅमेऱ्यावर प्ले दाबा. उलटं केलं तर पहिले काही सेकंद जातात, आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या पाटीवरून सुरू होणारा पहिला शॉट नेमका त्यातच असतो.

कॅसेट मधेच कोरी दिसली म्हणून थांबवू नका. शूटिंग करणाऱ्याने मागचं बघून परत रेकॉर्डिंग सुरू केलं की मध्ये रिकामी जागा राहते, टाइमकोडही (फितीवरचा वेळेचा आकडा) तिथे शून्यावर जातो. काही सॉफ्टवेअर तिथे आपोआप थांबतात. पुढे पळवून बघा, तिथून वेगळी फाइल घ्या. लग्नाच्या कॅसेटीच्या शेवटी दहा मिनिटं कुणाचा तरी साखरपुडा सापडतो तो असाच.

फाइलचं नाव: कॅसेट क्रमांक, वर्ष, प्रसंग. नावात ‘फायनल’ हा शब्द नको.

टप्पा ८: पडताळा आणि राखीव प्रत, दोन्ही आजच

ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा बघा. शून्य हवा. शून्य नसेल तर दोष संगणकाकडे आहे. कॅसेट परत उतरवा.

मग आकाराचा हिशेब: फाइलची मिनिटं गुणिले २१६ एमबी. डीव्हीची फाइल त्याहून बरीच कमी भरली तर काहीतरी गळलंय. सुरुवात, मध्य, शेवट आणि आणखी दोन-तीन जागा कान लावून बघा; चित्र ठीक असूनही आवाज तुटतो असं होतं.

डीव्हीसाठी डीव्हीरेस्क्यू हे फुकट साधन आहे. कोणत्या फ्रेममध्ये वाचनाची चूक झाली ते आलेखात दाखवतं. चुका जास्त असतील तर तीच कॅसेट दुसऱ्यांदा, जमल्यास दुसऱ्या कॅमेऱ्यातून घ्या. दोन नकलांमधले चांगले भाग जोडून एक नक्कल करण्याची सोय त्यात आहे. एचडीव्हीला हे लागू नाही. तिथे हेड साफ करून परत उतरवायचं आणि चांगली निघालेली फाइल ठेवायची.

पडताळून झालेली फाइल त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर जावी. एक डिस्क आपल्याकडे, दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे. ‘सगळ्या कॅसेटी झाल्या की एकदम बॅकअप घेऊ’ हा बेत पंधराव्या कॅसेटीला डिस्क बसल्यावर आठवतो.

टप्पा ९: आता टीव्हीसाठी फाइल

मूळ डीव्ही एव्हीआय बहुतेक टीव्ही उघडतच नाहीत. टीव्हीला लागते एमपी४ फाइल, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. हँडब्रेक हे फाइल बदलणारं सॉफ्टवेअर वापरा. चार सेटिंगांवर सगळं ठरतं.

डीइंटरलेस. इथे रेघा घालवायच्या. पाल व्हिडिओत सेकंदाला ५० फील्ड असतात, म्हणजे हालचालीचे ५० क्षण. साध्या डीइंटरलेसने त्यातले निम्मे फेकले जातात आणि वरातीतला नाच अडखळत चालल्यासारखा दिसतो. फिल्टरमध्ये यादिफ किंवा ब्वदिफ घेऊन प्रीसेट ‘बॉब’ निवडा, फ्रेम रेट मूळप्रमाणे ठेवा. तयार फाइल मीडियाइन्फोत ५० फ्रेम दाखवायला हवी. २५ दाखवत असेल तर फ्रेम रेट हाताने ५० करा. हालचाल पुढे-मागे थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय: डीव्ही बॉटम, एचडीव्ही टॉप.

आकार. मूळ फाइलचे पिक्सेल चौकोनी नसतात, आणि बरेच टीव्ही फाइलमधली त्याबद्दलची सूचना वाचत नाहीत. पसरलेला नवरदेव तिथून येतो. म्हणून चौकोनी पिक्सेलची फाइलच करा. ४:३ डीव्ही ७६८ × ५७६. रुंद पडद्याची डीव्ही १०२४ × ५७६. एचडीव्ही १९२० × १०८०. आपोआप क्रॉप होणं बंद ठेवा. शंका आली तर जेवणाच्या पंगतीतलं ताट शोधा: ताट गोल दिसलं पाहिजे.

दर्जा. आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) १८ ते २०. फाइल मोठी होते, होऊ दे.

मोठं करणं. डीव्हीला १०८० किंवा ४के करू नका. ५७६ ओळी मोठ्या करण्याचं काम टीव्ही स्वतः करतो, आणि बरं करतो. एआयने चित्र ‘एचडी’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत चांगलं नाही. साडीची जर छान दिसते, पण दूरच्या रांगेतल्या आजीचा चेहरा मेणाचा होतो, कधी तर दुसऱ्याच बाईचा. करायचंच असेल तर वेगळी प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका.

तपासा: पहिली फाइल पाच मिनिटांचीच करा, पेनड्राइव्हवर घेऊन खऱ्या टीव्हीवर लावा. व्हीएलसीवर (संगणकावरचा प्लेअर) बघून निर्णय घेऊ नका. व्हीएलसी स्वतःच रेघा लपवू शकतं. टीव्हीवर चित्राची कड कापली जात असेल तर पिक्चर सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करा. काही कंपन्या त्याला ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ म्हणतात. ४:३ चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला ‘वाइड’ किंवा ‘झूम’ लावू नका. एचडीव्हीच्या १०८० आकाराच्या ५० फ्रेमच्या फाइल काही जुने टीव्ही अडखळत चालवतात. तेवढ्या टीव्हीपुरती २५ फ्रेमची प्रत करा. पेनड्राइव्ह एक्सफॅट असेल तर ४ जीबीची अडचण नाही, पण जुना टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते आधी बघा.

कॅसेट नाही, कार्ड आहे?

एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांत, म्हणजे साधारण २००६ नंतर आलेल्या कार्ड किंवा हार्डडिस्कवाल्यांत, उतरवायची भानगड नाही. पण तिथेही एक चूक घरोघरी होते: ‘प्रायव्हेट’ फोल्डरच्या आत खोलवर ‘स्ट्रीम’मध्ये असलेल्या एमटीएस फाइल तेवढ्या उचलायच्या आणि बाकीचं पुसायचं. लांबलचक शॉट कार्डावर अनेक फाइलमध्ये तुटलेला असतो, आणि कुठली कुणाला जोडायची ते बाकीच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं. फाइल नुसत्या एकापुढे एक लावल्या तर सांध्यावर आवाज क्षणभर जातो, मंगलाष्टकं चालू असताना तर तो नक्की कळतो. संपूर्ण कार्ड, सगळ्या फोल्डरांसकट, जसंच्या तसं एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. दुसरं कार्ड दुसऱ्या फोल्डरमध्ये, कारण फाइलची नावं दोन्हीकडे ०००००पासूनच सुरू होतात आणि एकमेकांवर लिहिली जातात.

दुकानातच द्यायच्या असतील तर

सगळ्यांना हे घरी जमणार नाही, आणि ते ठीकच आहे. पण काउंटरवर ‘कन्व्हर्ट करून द्या’ एवढंच म्हणू नका. विचारा: फायरवायरने घेता का? डीव्हीची मूळ एव्हीआय किंवा डीव्ही फाइल, एचडीव्हीची मूळ एम२टी फाइल देणार का? एमपी४ ची वेगळी प्रत मिळेल का? बुरशी असलेली कॅसेट सापडली तर लावण्याआधी फोन कराल का? उत्तर ‘डीव्हीडी करून देतो, क्वालिटी तीच असते’ असं आलं तर कॅसेटी परत घ्या. एचडीव्हीची डीव्हीडी केली की ती ७२० × ५७६ वर येते, आणि डीव्ही असली तरी परत दाबली जाते.

पेनड्राइव्ह नको, स्वतःची एनटीएफएस हार्डडिस्क द्या. परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच फाइलचा आकार बघा. तासाभराची डीव्ही कॅसेट आणि फाइल दीड-दोन जीबीची, तर ती नक्कल नव्हे. कॅसेटी मोजून, वहीतले क्रमांक जुळवून परत घ्या.